श्वासमुक्त महाराजांचं नाक

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मग खुर्च्यांमधल्या वाटा भरल्या, मग खिडक्या. एक गृहस्थ तर आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादलीवर बसले होते आणि जागा कोणी बळकावू नये म्हणून तिच्या कडीला त्यांनी आपला रुमाल बांधला होता. मंचावर पांढऱ्या चादरीवर महाराज डोळे मिटून बसले होते. तोंडात वीतभर लांबीची पिपाणी. तिच्यातून एकच सूर निघत होता, वर नाही, खाली नाही. कानाशी आलेल्या डासाने तिथेच संसार थाटावा तसा. हा सूर गेली बत्तीस मिनिटं एकदाही तुटला नव्हता.

"तेहेतीस," माइकवाला हळूच म्हणाला आणि सगळ्यांनी आपापला श्वास रोखून धरला. म्हणजे महाराज श्वास घेत नव्हते आणि त्यांच्या मानाखातर लोकही घेत नव्हते. त्या घटकेला सभागृहात श्वास घेणाऱ्या बहुधा आम्ही दोघीच होतो. मी, आणि माझ्या मांडीवर माझी सहा वर्षांची भिंगरी. तिला दमा आहे. बाकीच्यांचा श्वास आपोआप चालतो, तिला तो कधीकधी गृहपाठासारखा करावा लागतो.

दर पाच मिनिटांनी एक शिष्या पुढे येई, महाराजांच्या ओठांसमोर हातभर आरसा धरी आणि मग तो लोकांकडे वळवी. आरसा कोरडा ठणठणीत. वाफेचा ठिपका नाही. लोक हळहळल्यासारखा आवाज काढत. आनंदाचाच, पण हळहळीसारखा. मीही तो आरसा पाहिला आणि मला काही सुचलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

सदतिसाव्या मिनिटाला महाराजांनी पिपाणी ओठांपासून दूर केली. धापही नाही. छातीपर्यंत आलेली दाढी कुरवाळून ते बोलायला लागले. त्यांचं म्हणणं असं की आपण सगळे भिकारी आहोत. दिवसातून हजारो वेळा हवेपुढे हात पसरतो. महाराजांनी ही भीक बारा वर्षांपूर्वी सोडली. ते पिपाणी वाजवतच नाहीत, विश्व त्यांच्यातून वाहतं आणि वाटेत पिपाणी लागते म्हणून वाजते. मग त्यांचा सूर खाली आला, औषधाच्या दुकानात येतो तसा. दमा हा आजार नाही, ते म्हणाले. शरीराला श्वासातून सुटायचं असतं, ती ओढ म्हणजे दमा. "आणि तुम्ही काय करता? त्या बिचाऱ्या ओढीच्या तोंडात पंप कोंबता."

मंचाच्या कडेला एक वेताची टोपली होती. तिच्यात दम्याचे निळे, तपकिरी, जांभळे पंप पडलेले होते, खेळण्यांच्या दुकानात पडलेले असावेत तसे. लोकांनी श्वासमुक्तीला वाहिलेले.

हसून सोडून दिलं असतं. पण माझ्या शेजारी माझे सासरे बसले होते आणि ते रडत होते.

अण्णांची ओळख करून द्यायला हवी. अग्निशमन दलाच्या बँडमध्ये ते तीस वर्षं ट्यूबा वाजवतात. ट्यूबा म्हणजे माणसाच्या अंगाला विळखा घालून डोक्यावर तोंड उघडणारं पितळी धूड. आमच्या घरात तिला थोरली सून म्हणतात. घरातला सगळ्यात चांगला कोपरा तिचा, रोज अंग पुसून घेणं तिचं, आणि तिच्याशी कोणी वाद घालत नाही. मी धाकटी. अण्णा स्वभावाने चोख, भाबडे मुळीच नाहीत. हात बघणाऱ्याला त्यांनी एकदा स्वतःच्या हाताऐवजी ट्यूबाचा हातमोजा दाखवून पळवून लावलं होतं. मग असा माणूस फसला कसा?

तर तो फसला जाणतेपणामुळे. ज्याने जन्मात शिट्टीपलीकडे काही फुंकलं नाही तो सदतीस मिनिटं ऐकून टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन जेवतो. अण्णांना श्वासाची किंमत माहीत. ट्यूबाचा खालचा सूर जोरात लावला की काठोकाठ भरलेली छाती चार आकडे मोजेपर्यंत रिकामी होते. तीस वर्षं ते एक-दोन-तीन-चार मोजत आणि पाचव्याला तोंड उघडत आले. त्यांनी आपल्या चाराने महाराजांची सदतीस मिनिटं मोजायला घेतली आणि त्यांची मतीच गुंग झाली. भिंगरीचे बाबा त्याच बँडमध्ये आडवी बासरी वाजवतात. बासरीत निम्मा वारा भोकावरून नुसताच निसटतो, त्यामुळे तेही पंधरा-वीस सेकंदांवर गारद. ट्रम्पेटवाले तिघे, त्यांचेही गाल दुखतात. अख्खा बँड पहिल्या दिवशीच उभा राहून वाकला. ज्या गावात बँड नाही तिथे महाराजांना एवढे भक्त मिळत नसतील.

महाराज हुशार. त्यांनी त्याच दिवशी अण्णांच्या हातात माइक दिला. अण्णा म्हणाले, "मी आयुष्यभर वारा फुंकलाय. हे माणसाचं काम नाही." एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पण ते वाक्य दुसऱ्या दिवशी भिंतीभिंतीवर छापून लागलं, बँडच्या गणवेशातल्या अण्णांच्या फोटोखाली, आणि सभागृहाबाहेर लहान मुलांना कडेवर घेतलेल्या बायकांची रांग लागली.

त्या आठवड्यात अण्णांनी घरी जाहीर केलं की येत्या रविवारी भिंगरीचे दोन्ही पंप टोपलीत जातील. रोजचाही आणि धाप लागली की द्यायचा तोही.

मी भांडले. पण कोणाशी भांडत होते? तिला पंप देणं हे घरात अण्णांचंच काम आहे. ती त्यांच्या मांडीवर बसते, ते पंपाला जोडायचं नळकांडं तोंडाला लावून देतात, दहा मोजतात, आणि सातानंतर मुद्दाम पुन्हा सहा म्हणतात म्हणजे ती हसेल. डॉक्टरीणबाईंनी रोजचा पंप एक दिवस चुकवू नका म्हटलं होतं, तर त्यांनी दीड वर्षात एक दिवस चुकवला नव्हता. तोच माणूस आता माझ्याकडे न बघता म्हणत होता, "पोर सहा वर्षांची आहे गं. जन्मभर खिशात ते डबडं घेऊन फिरणार? मी गेल्यावर तिला कोण मोजून देणार?"

मी मोजेन, असं मी म्हणाले. ते म्हणाले, मोजावंच लागू नये असं मला हवंय. माया खरी होती, म्हणून तर भीती जास्त होती. भिंगरीच्या बाबांना मी खोलीत गाठलं. ते म्हणाले, आपण मधला मार्ग काढू, एक पंप वाहू आणि एक ठेवू. आमच्या ह्यांना वाघ आणि शेळी दोघांनाही अर्धं अर्धं जेवायला घालायची सवय आहे.

शुक्रवारी भिंगरीला शाळेत सोडून मी आईच्या दुकानी गेले. माझी आई दागिने घडवते. बाबांच्या मागे तिनेच दुकान चालवलं. ती साखळीच्या कड्या जोडत बसली होती: समोर स्पिरिटचा दिवा, एका हातात चिमटा, तोंडात पितळेची वाकडी, बारीक फुंकणी. फुंकरीने ज्योत आडवी करून ती नेमकी कडीच्या सांध्यावर धरायची, की जोड वितळून बसतो. मी स्टूल ओढलं आणि सगळं सांगत सुटले. महाराज, आरसा, टोपली, अण्णांचे डोळे, ह्यांचा मधला मार्ग. आईने हूं केलं नाही. भुवया तेवढ्या वरखाली करत होती. बोलून बोलून माझा घसा सुकला तेव्हा माझं दिव्याकडे लक्ष गेलं.

ज्योत सुईसारखी आडवी होती. मी आल्यापासून ती एकदाही सरळ झाली नव्हती.

आईने शेवटची कडी बसवली आणि फुंकणी काढली. "काय बघतेस अशी?"

"आई, तू किती वेळ फुंकत होतीस?"

"कड्या संपेपर्यंत," ती म्हणाली. "मध्ये ज्योत पडली तर जोड काळा पडतो. पुन्हा घासत बसा."

वीस वर्षं मी हे बघितलं होतं. त्याच ज्योतीशेजारी बसून पाढे पाठ केले होते, फुंकणी तोंडात ठेवून ती नुसत्या डोळ्यांनी मला रागावायची. ती श्वास कधी घेते, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आपल्या आईचा चमत्कार कोणाला दिसतो? त्याला पांढरी चादर आणि माइक लागतो.

आईने विचारलं, महाराजांना दाढी आहे का? मी म्हटलं, छातीपर्यंत. "असणारच. माझे गाल बघ," ती म्हणाली आणि पुन्हा फुंकणी तोंडात धरली. गाल बेडकासारखे फुगले, मग हळूहळू बसले, आणि बसता बसता नाकपुड्या पटकन हलल्या, फूल हुंगावं तशा. पुन्हा फुगले, पुन्हा बसले. दर चार-पाच सेकंदांनी. गाल ही वाऱ्याची पिशवी. छातीतला वारा संपत आला की ती भरून ठेवायची, मग घसा बंद करून गालांनीच ती पिळायची आणि तेवढ्या क्षणात नाकाने छाती भरून घ्यायची. बाहेरची धार तुटत नाही. तिला हे माझ्या आजोबांनी शिकवलं होतं, पाण्याच्या पेल्यात नळी बुडवून. बुडबुडे थांबले की पहिल्यापासून. तीन आठवडे लागले. वाद्यं वाजवणाऱ्यांतही कितीतरी जणांना येतं, ती म्हणाली, यात लपवण्यासारखं काही नाही.

"आणि आरसा कुठे धरला होता म्हणालीस?"

"ओठांसमोर."

"ओठ तर पिपाणीवर शिवलेले. तिथे वाफ येईल कुठून? दोन बोटं वर धरायचा होता." मग तिने फुंकणीचं टोक माझ्यासमोर धरलं. मोहरी अडकेल एवढं भोक. बारीक पिपाणीचंही असंच; तिला जोर लागतो पण वारा लागतो चमचाभर. उलट छातीत शिळा वारा साठून राहतो, तोच बाहेर टाकायची पंचाईत होते. गालातली पिशवी तिला पुरून उरते. "तुझ्या सासऱ्यांचं ते धूड मला फुंकायला दिलं तर गालातलं वारं त्याच्या दातालाही लागणार नाही."

मी पेला-नळी घेऊन करून पाहिलं. पाणी नाकात गेलं, ठसका लागला आणि आई पोटभर हसली.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, सोनाराची फुंकणी वेगळी आणि सिद्धी वेगळी. झालं. शनिवारी ते थोरल्या सुनेला पुसत बसले होते तेव्हा मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, अण्णा, विश्व त्यांच्यातून वाहतं ना? मग वाटेत पिपाणी लागली काय आणि ट्यूबा लागली काय, विश्वाला काय फरक पडणार? उद्या त्यांना एकदा आपली ट्यूबा फुंकायला सांगा.

सांगताना मला स्वतःची थोडी लाज वाटली, कारण त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी ट्यूबा दोनदा पुसली. भिंगरीने आपल्या फ्रॉकने तिसऱ्यांदा पुसली.

रविवारी रांग दारापासून मंचापर्यंत होती. जवळजवळ प्रत्येक हातात एक पंप. माझ्या सांगण्यावरून आईही आली होती आणि पर्स मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. धुपाच्या कांड्या लावलेल्या होत्या. दमेकऱ्यांच्या मेळाव्यात धूर, हे कोणाला खटकत नव्हतं. भिंगरी खोकायला लागली. मी तिला दाराजवळच्या वाऱ्याला घेऊन उभी राहिले, पण पंप आणि नळकांडं अण्णांच्या पिशवीत होतं आणि अण्णा मंचावर होते.

त्यांनी ट्यूबा महाराजांसमोर लहान मुलासारखी अलगद ठेवली. माइकमध्ये म्हणाले, "माझी छाती हिच्यात चारावर संपते, महाराज. तुमचा अखंड श्वास एकदा हिच्यातून वाहू द्या, मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही." सभागृह गहिवरलं. महाराज मात्र गहिवरले नाहीत. ते म्हणाले, पितळ हा जड धातू आहे. अण्णा म्हणाले, पिपाणीचं तोंडही पितळेचंच दिसतंय. महाराज म्हणाले, आज योग नाही. मागून बादलीवाले गृहस्थ भक्तिभावाने ओरडले, योग तुमच्या मुठीत आहे महाराज, वाजवाच. आणि मग सगळेच वाजवा, वाजवा म्हणायला लागले. भक्तांनी महाराजांना असं घेरलं की शत्रूलाही जमलं नसतं.

महाराजांनी ट्यूबा कवटाळली. एक जाडसर, फाटका सूर निघाला. अण्णांचे ओठ सवयीने हलले. माइक त्यांच्या हातातच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं: एक, दोन, तीन.

चार ऐकू आलंच नाही. महाराजांनी तोंड उघडलं आणि पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा मोठा, ओला श्वास घेतला. माइकने तोही सभागृहभर पोचवला.

माइकवाल्याने तत्परतेने सांगितलं की विश्व थोडं रागावलं आहे. लोक कुजबुजले, पण उठलं कोणी नाही. श्रद्धा काही एका श्वासात जात नाही. तेव्हा पहिल्या रांगेतून माझी आई उठली. तिने पर्समधून पेला काढला, पाणी ओतलं, नळी टाकली आणि मंचाच्या पायरीवर बसून बुडबुडे काढायला लागली. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. मध्येच तिने ओळखीच्या एका बाईला हात केला, दुसरीच्या गळ्यातली साखळी तुटायला आल्याचं खुणेने सांगितलं. बुडबुडे चालूच. महाराजांच्या शिष्येने काय वाटून कोण जाणे, आरसा आणून आईच्या ओठांसमोर धरला. आईने तिचा हात धरून तो दोन बोटं वर केला. आरशावर वाफेचा ढग उमटला, विरला, पुन्हा उमटला. पुढच्या दहा रांगांनी तो पाहिला आणि मागच्यांना सांगितला.

मग आईने कपड्यांचा लाकडी चिमटा काढून स्वतःच्या नाकाला लावला. बुडबुडे वीस-पंचवीस सेकंद चालले आणि थांबले. तिने तोंडाने श्वास घेतला, चिमटा काढला आणि महाराजांपुढे धरला.

"ट्यूबा राहू द्या," ती म्हणाली. "तुमचीच पिपाणी, तुमचाच सूर. फक्त हा लावा. तुम्हाला नाक लागत नाही ना?"

महाराजांनी चिमट्याकडे तो विंचू असावा तसं पाहिलं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात; इथे नाक दाबण्याआधीच उघडलं. हा अपमान आहे, हे पाखंड आहे, बारा वर्षांची साधना आहे, असं बरंच काही त्यातून आलं. एवढं बोलायला वारा कुठून येत होता, ते विश्वालाच ठाऊक.

मला पुढचं नीट ऐकू आलं नाही. भिंगरीचा खोकला आता थांबला होता आणि त्याच्या जागी ती शिट्टी सुरू झाली होती जी मी झोपेतही ओळखते. गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. मी "अण्णा" म्हणून हाक मारली. फार मोठ्याने नसेल, पण त्यांचा कान आहे बँडवाल्याचा. ते मंचावरून उतरले ते रांग कापत, लोकांचे पंप, पिशव्या, मुलं बाजूला सारत आले, मला म्हणाले दार उघडं ठेव, आणि तिथेच फरशीवर बसून तिला मांडीवर घेतलं. नळकांडं लावलं, पंप दाबला. एक, दोन, तीन. सातानंतर आठच म्हणाले. पुन्हा पंप, पुन्हा दहा. रांगेतली माणसं वाकून बघत होती. हळूहळू खांदे खाली आले, शिट्टी बारीक झाली. "सहा म्हणायचं विसरलात," ती म्हणाली, तेव्हा कुठे मी दार सोडलं.

अण्णांनी तिला माझ्याकडे दिलं आणि ते परत मंचावर गेले. महाराज पडद्यामागे गेले होते. माइकवाला माइक गुंडाळत होता. अण्णांनी तो त्याच्या हातातून घेतला.

"त्या दिवशी मी सांगितलं, हे माणसाचं काम नाही. ते चूक होतं. मी माझ्या ट्यूबाच्या मापाने पिपाणी मोजली. माझा फोटो बघून ज्यांनी इथे पंप टाकले, त्यांनी माझ्याकडून घेऊन जा."

त्यांनी टोपली उचलून मंचाच्या कडेला आणली. मग कडेवर मुलगा घेतलेली एक बाई आली आणि तोंड वर न करता म्हणाली, निळा, टोपणाला दोरा बांधलेला. अण्णांनी शोधून दिला. मग पाच-सहा जण आले. सगळे आले नाहीत. काहींनी पुढच्या मुक्कामाचा पत्ता विचारून घेतला, आणि महाराजांची शक्ती नाकात राहते म्हणून चिमट्याने ती दुखावली असती, असं एक गृहस्थ जिन्यावर समजावून सांगत होते. उरलेली टोपली आम्ही डॉक्टरीणबाईंकडे नेऊन दिली. त्यांनी नावांची चौकशी करून माणसं शोधायला घेतली. दोघांना तोवर रुग्णालयात भरती करावं लागलं होतं. ते बरे होऊन घरी आले. अण्णा दोघांच्याही घरी जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी आम्हाला सांगितलेलं नाही, आणि आम्ही विचारलेलं नाही.

हे वाचून कोणी असं समजू नये की फसतात ती अडाणी माणसं. अण्णा त्या सभागृहात श्वासाविषयी सगळ्यात जास्त जाणणारे होते. पण एका कामातलं जाणतेपण दुसऱ्या कामात जसंच्या तसं चालत नाही, आणि आपल्याला उलगडा झाला नाही म्हणजे उलगडाच नाही, असंही नाही. तो कदाचित दोन गल्ल्या पलीकडे कोणाच्या तरी रोजच्या कामात पडलेला असतो. विचारायला जावं लागतं. कोणी तुम्हाला औषध टाकून द्यायला सांगत असेल, तर आधी तो स्वतःची परीक्षा कोणत्या अटींवर द्यायला तयार आहे ते बघा. वाद्य त्याचं, वेळ त्याची, आरसा त्याचा आणि आरसा धरणारा हातही त्याचाच असेल, तर मुलाला उचला आणि घरी जा.

भिंगरीचा पंप पुढच्या वर्षी कमी होईल किंवा होणार नाही. ते डॉक्टरीणबाई तिची छाती तपासून ठरवतील.